जुनी पेडल स्टील घेताना-विकताना: आधी गिटार उलटी करा

पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर आडवी उभी करून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची आणि पायाच्या पेडलांनी व गुडघ्याच्या (नी) लिव्हरांनी तारांचे सूर बदलणारी गिटार, अर्धं वाद्य आणि अर्धं यंत्र आहे. वर तारा, पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) आणि फ्रेटबोर्ड. तिथे बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. खाली, पोटात, आडवे दांडे, त्यांच्यावर बसवलेल्या बेल क्रँक नावाच्या छोट्या तरफा, ओढणाऱ्या सळया (पुल रॉड), स्प्रिंगा आणि थांबे यांचं जाळं असतं. तीन पेडल आणि चार नी लिव्हरच्या साध्या गिटारीतही तेरा-चौदा पुल रॉड निघतात. किंमत किती, सुरात राहील का आणि पुढे किती डोकं खाईल, हे सगळं पोटात ठरतं. जाहिरातीतले फोटो मात्र बहुतेक वेळा वरूनच काढलेले असतात: चकचकीत लॅकर, पक्ष्याच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांचं मेपल, मागे छानसा पडदा. म्हणून खाली जे काही सांगितलंय त्यातलं निम्मं गिटार उलटी करूनच करायचं आहे.

१. काय हवंय ते आधी ठरवा

जाहिरातीत दिसणारी अक्षरं आधी समजून घ्या. एस-टेन म्हणजे एक नेक, दहा तारा. डी-टेन म्हणजे दोन नेक, प्रत्येकी दहा तारा. पुढच्या नेकवर सहसा ई-नाइन्थ आणि वादकाच्या जवळच्या नेकवर सी-सिक्स्थ. एसडी-टेन म्हणजे दुहेरी अंगावर एकच नेक आणि दुसऱ्याच्या जागी हात टेकायला गादी. यू-ट्वेल्व्ह म्हणजे बारा तारांची युनिव्हर्सल, जिच्यात दोन्ही ट्यूनिंग एकाच नेकवर बसवलेली असतात.

नवख्याला ई-नाइन्थची एक नेक पुरते. कंट्री संगीतात जो रडवा, सरकता सूर ऐकू येतो तो याच ट्यूनिंगचा. पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत सूर असे: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पहिली तार वादकापासून सगळ्यात लांब, दहावी सगळ्यात जवळ. सूर चढत्या-उतरत्या क्रमाने नाहीत हे बघून गोंधळू नका, सगळ्यात उंच सूर तिसऱ्या तारेचाच असतो. सी-सिक्स्थ वेस्टर्न स्विंग आणि जॅझकडे झुकणाऱ्यांसाठी. “पुढे कधीतरी शिकेन” म्हणून डी-टेन घेणारे पुष्कळ असतात, आणि मागची नेक वर्षानुवर्षं फक्त कोपर टेकायला वापरणारेही तितकेच. डी-टेन केससकट ३० किलोच्या आसपास किंवा पुढे जाते. जिना चढायचा असेल तर हा आकडा विसरू नका.

कमीत कमी तीन पेडल आणि चार लिव्हर असावेत. पेडलांचं काम ठरलेलं आहे: ए पेडल पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर नेतं, बी पेडल तिसरी आणि सहावी जी शार्पवरून ए वर, आणि सी पेडल चौथी ई वरून एफ शार्पवर व पाचवी बी वरून सी शार्पवर. लिव्हरांपैकी दोन तर हवेतच: चौथी-आठवी तार ई वरून एफ वर चढवणारा आणि त्याच तारा ई फ्लॅटवर उतरवणारा. हे दोन नसतील तर अर्धा शिकवणीचा मजकूर तुमच्या गिटारीवर वाजणारच नाही.

पेडलांचा क्रमही विचारा. डावीकडून ए-बी-सी असेल तर एमन्स सेटअप, सी-बी-ए असेल तर डे सेटअप. बडी एमन्स आणि जिमी डे या दोन वादकांवरून ही नावं पडली. दोन्ही चांगले, पण बहुतेक शिकवण्या एमन्स धरून चालतात. एकाचं दुसऱ्यात करायला पोटातली जोडणी हलवावी लागते. वरवरची अदलाबदल करून भागत नाही.

कोणतं पेडल किंवा लिव्हर कोणती तार कुठे नेतो याच्या तक्त्याला कोपेडंट म्हणतात. विकणाऱ्याकडे पहिली मागणी या तक्त्याची करा. त्याला तो देता आला नाही तर त्याला गिटार वाजवता येत नाही असं समजा. त्यात काही वाईट नाही, फक्त त्याच्या “सगळं व्यवस्थित चालतं” या वाक्यावर विसंबू नका.

२. नावं ओळखा

शो-बड ही शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकात नॅशविलमध्ये सुरू केलेली कंपनी. फ्रेटबोर्डवर पत्त्यांमधले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट दिसले की बहुधा शो-बड. लाकूड सुंदर, आवाज उबदार. फिंगरटिप, प्रोफेशनल, प्रो वन-टू-थ्री, सुपर प्रो आणि वादक लॉइड ग्रीन यांच्या नावाची एलडीजी अशी मॉडेलं सापडतात. काही काळातल्या गिटारींमध्ये पोटातले भाग ओतीव मिश्रधातूचे, ज्याला पॉट मेटल म्हणतात, तसे आहेत. तो धातू वयाबरोबर तडकतो. अशा भागांच्या नव्या प्रती बनवणारे कारागीर आहेत, पण तो खर्च किमतीतून वजा करायचा.

एमन्स पुश-पुल: बडी एमन्स यांनी १९६३ मध्ये शो-बड सोडून रॉन लॅशली यांच्यासोबत स्वतःची कंपनी काढली, तिची ही गिटार. हिच्या चेंजरमध्ये (तारांचे सूर चढवणारा-उतरवणारा, टोकाचा भाग) तार मोकळी असताना चेंजरचं बोट, म्हणजे त्या तारेखालचा हलणारा तुकडा, घट्ट टेकून बसतं, आणि तिच्या टोनचं श्रेय जाणकार त्यालाच देतात. हिला मागणी कायम असते. पण जोडणी बदलणं आणि ट्यून करणं यांची रीत आजच्या ऑल-पुल गिटारींपेक्षा (ज्यांत सगळे बदल सळया ओढूनच होतात) वेगळी आहे. सळयांमध्ये ठरावीक ढील ठेवावी लागते, आणि ती नकळत आवळली की मोकळ्या तारेचा सूरच जागेवर राहत नाही. पुश-पुल जाणणारा माणूस हाताशी नसेल तर पहिली गिटार म्हणून हिच्या वाटेला जाऊ नका. त्याच कंपनीची नंतरची लग्रांड ऑल-पुल आहे, ती त्या मानाने सोपी.

टेक्ससमधल्या डॅलसची एमएसए, विशेषतः १९७० च्या दशकातली क्लासिक, वजनाला भारी पण यंत्रणा दणकट. संग्राहक तिच्यामागे फार धावत नाहीत, म्हणून शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात पैसे वसूल होतात.

फेंडर ४०० आणि १००० या आठ तारांच्या, पेडलांना सळयांऐवजी केबल असलेल्या गिटारी. ऐतिहासिक, वेगळ्या आवाजाच्या, पण आजच्या ई-नाइन्थ शिकवण्यांशी जुळत नाहीत. इंडियानापोलिसच्या हार्लिन ब्रदर्सची सहा तारांची मल्टी-कॉर्ड ही तर शोकेसमधली वस्तू.

शिकाऊ गिटारींमध्ये शो-बड मॅव्हरिक फार वेळा समोर येते. तिच्यात तीन पेडल आणि एकच लिव्हर असतो, आणि चेंजरची मर्यादा अशी की वाटेल तितके बदल जोडता येत नाहीत. “लिव्हर नंतर बसवून घेऊ” हा विचार इथे महागात पडतो.

आणखी एक सापळा: फेंडर स्ट्रिंगमास्टरसारखी कन्सोल स्टील पायांवर उभी असते, दोन-तीन नेक असतात, म्हणून “पेडल स्टील” म्हणून विकायला येते. तिला पेडलं नसतातच. हरवलेली नाहीत, कधी नव्हतीच. पेडल बार आणि गिटारीच्या पोटात आडवे दांडे दिसले तरच ती पेडल स्टील.

३. किमतीचा अंदाज

मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात विकली गेलेली बघा. त्याच मॉडेलचे, त्याच पेडल-लिव्हर संख्येचे किमान चार-पाच झालेले व्यवहार गोळा करा. मग त्यातून वजा करत या: केस मूळची नाही, पेडल रॉड (पेडलला वरच्या यंत्रणेशी जोडणारे दांडे) कमी, पिकअप बदललेला, लाकूड पुन्हा रंगवलेलं. नंतर बसवलेला जास्तीचा लिव्हर वादकाच्या नजरेत फायदा, संग्राहकाच्या नजरेत ड्रिलने पाडलेलं भोक. तुम्ही कोण आहात त्यावर तो आकडा कुठल्या बाजूला टाकायचा ते ठरतं.

४. बघायला जाताना बरोबर काय न्यायचं

- सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) दाखवणारा क्रोमॅटिक ट्यूनर
- टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा
- इंची मापाचे अॅलन की (अमेरिकन गिटारींना मिलिमीटरचे बसत नाहीत, जबरदस्ती केली की स्क्रूचं डोकं जातं)
- मल्टिमीटर, केबल, आणि जमलं तर व्हॉल्यूम पेडल
- बार, बोटांचे पिक, तिसऱ्या तारेसाठी ०.०११ इंचाच्या दोन जादा तारा
- कोपेडंटचा छापलेला तक्ता आणि पेन

५. जाण्याआधी मागायचे फोटो

पूर्ण पोटाचा एक फोटो, चेंजरच्या बाजूच्या एंड प्लेटचा (गिटारीच्या टोकाची धातूची पट्टी) जवळून एक, आणि चेंजरच्या बोटांच्या माथ्याचा एक. हे तिन्ही आल्याशिवाय प्रवासाचं ठरवू नका. अनोळखी माणूस लांबून विकत असेल तर चौथा फोटो मागा: आजची तारीख लिहिलेला कागद गिटारीच्या पोटात ठेवून. दुसऱ्याचे फोटो उचलून जाहिरात टाकणाऱ्याकडे वरचे फोटो असतात, हा नसतो.

एंड प्लेटच्या फोटोत प्रत्येक तारेसमोर नायलॉनचे छोटे षटकोनी नट आणि रिकामी भोकं दिसतील. ऑल-पुल गिटारीत एका तारेमागची भोकं मोजा. पाच असतील तर साधारणपणे तीन चढते आणि दोन उतरते बदल शक्य. जितकी भोकं कमी तितकी पुढची वाढ कमी.

६. समोर आल्यावर: हातांनी तपासणी

गिटार जोडलेली असली तरी सुटी करून पुन्हा जोडायला सांगा. नवख्याला जोडण्याची रीतही त्यातून कळते. केस जमिनीवर उघडायची, गिटार तिच्यावर उलटी ठेवायची, पाय लावायचे, पेडल बार पुढच्या पायांना बसवायचा, रॉड अडकवायचे आणि मग दोघांनी मिळून सरळ करायची. पाय हाताने घट्ट होतील इतकेच पिळायचे, पकड लावायची नाही. एखादा पाय शेवटपर्यंत न जाता फिरतच राहिला तर आटे गेलेत.

गिटार उलटी असतानाच टॉर्च लावा. लाकडाला तडे बहुतेक दोन ठिकाणी जातात: एंड प्लेटच्या स्क्रूंभोवती आणि पाय बसतात त्या कोपऱ्यांत. लॅकरवरच्या केसासारख्या रेषा वेगळ्या, त्या वयाच्या आहेत आणि निरुपद्रवी. फरक करायचा असेल तर नखाने चाचपा. लाकडाच्या तड्याच्या दोन कडा एकमेकींच्या वर-खाली लागतात आणि स्क्रू जवळ असेल तर त्यातून सुरू झालेल्या असतात.

मग आडवे दांडे, म्हणजे क्रॉस शाफ्ट. प्रत्येक दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. किंचित ढील चालते, टकटक आवाज आला तर बुशिंग, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलंय. बेल क्रँक एकेक बघा, विशेषतः स्क्रूच्या भोवती, पॉट मेटलला तिथेच चीर जाते. नी लिव्हरची कंसासारखी पट्टी आणि तिचा खिळा हलवून पाहा. सळयांच्या टोकांना वाकवलेला पेपरक्लिप, रबरबँड किंवा टेपची पट्टी दिसली तर कुणीतरी कधीतरी जुगाड करून निभावलंय. का, ते विचारा.

आता गिटार सरळ करा आणि जरा वेळ फक्त चेंजरच्या बोटांकडे बघा. उजव्या टोकाला तार ज्या गोल माथ्यावरून वळून खाली जाते तो हा भाग. तिसरी तार सैल करून बाजूला सारा आणि नखाचं टोक माथ्यावरून आडवं फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. नख अडकलं तर तारेने वर्षानुवर्षं घासून खाच पाडली आहे. अशा खाचेत तार भणभणते, आणि त्याहून वाईट म्हणजे तिथेच तुटते. तिसरी तार मुळातच सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ताणलेली, बी पेडल दाबलं की ती त्या माथ्यावर मागे-पुढे वाकते. खाच असली की आठवडाभरही टिकत नाही. उथळ खाच घासून, पॉलिश करून काढता येते, पण त्यासाठी चेंजर उघडावा लागतो आणि ते पहिल्यांदा करायचं काम नाही.

दुसऱ्या टोकाला रोलर नट असतो, प्रत्येक तारेखाली एक छोटं चाक. तार थोडी उचलून चाक नखाने फिरवा. जाम झालेलं चाक तारेला अडवतं; मग पेडल सोडल्यावरही ती तार आपल्या सुरावर परतत नाही आणि लोक दोष चेंजरला देतात.

शेवटी सामानाची मोजदाद. चार पाय, पेडल बार, पेडलांच्या संख्येइतके रॉड. आठ पेडलांसाठी सात रॉड निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. रॉड तयार करून मिळतो, पण तो “किरकोळ” आहे हे ठरवायचा हक्क विकणाऱ्याचा नाही.

७. ट्यूनर लावून तपासणी

आधी गिटार पूर्ण ट्यून करा. जुन्या, सैल पडलेल्या तारांवर चाचणीचा निकाल खोटा येतो, तेव्हा तारा गंजलेल्या असतील तर त्यातच काय ते समजून घ्या आणि नवीन घालायला सांगा.

इथे नवखे एका गोष्टीवर हमखास घसरतात. ट्यूनरवर जी शार्प दहा-पंधरा सेंट खाली दिसतो आणि “गिटार सुरात राहत नाही” असा निष्कर्ष निघतो. बरेच वादक ई-नाइन्थवर तिसरा सूर, म्हणजे ई ला सा धरलं तर गंधार, मुद्दाम खाली ठेवतात, कारण शुद्ध तिसरा ट्यूनरच्या समान विभागणीपेक्षा जवळपास १४ सेंट खालीच असतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला हे वेगळं समजवायला नको. तेव्हा काटा मध्यावर आहे का ते बघू नका. काटा *त्याच जागी* परत येतो का ते बघा.

परतीची चाचणी: एक तार छेडा, काटा कुठे आहे ते लिहा. पेडल सावकाश दाबून सोडा, पुन्हा छेडा. मग झटक्यात दाबून सोडा, पुन्हा छेडा. दोन-तीन सेंटचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर चेंजरमध्ये मळ साचलाय, परतीची स्प्रिंग सैल आहे किंवा नटचं चाक अडकलंय. ज्या तारा चढतातही आणि उतरतातही, म्हणजे चौथी आणि आठवी, त्यांची चाचणी दोन्ही बाजूंनी करा. चढवून सोडल्यावर एक आकडा आणि उतरवून सोडल्यावर दुसरा आला तर उतरणीची स्प्रिंग नीट जुळवलेली नाही. बहुतेक वेळा हे साफसफाई आणि जुळवणीने सुटतं, म्हणून सौदा मोडू नका, फक्त किमतीत धरा.

अंगाच्या लवचिकपणाची चाचणी: चौथी तार मोकळी छेडून ठेवा आणि वाजत असतानाच ए आणि बी पेडल एकत्र दाबा. ही दोन्ही पेडलं चौथ्या तारेला हात लावत नाहीत, तरी काटा थोडा खाली सरकेल. पेडल ओढताना सगळं लाकूड किंचित वाकतं, त्याचा हा परिणाम. वादक त्याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. चार-पाच सेंटपर्यंत कुणालाच ऐकू येत नाही. दहाच्या पुढे गेला तर दोन पेडलं दाबून वाजवलेल्या कॉर्डमध्ये खटकतो. हा दोष बांधणीतला असतो, तेल-पाणी करून जात नाही. एकच पळवाट: एंड प्लेटचे किंवा नेकचे स्क्रू ढिले असतील तर ते आवळल्यावर आकडा कमी होतो. म्हणून आधी ते तपासा.

दुसऱ्या तारेचा लिव्हर वेगळा तपासा. तो डी शार्पवरून आधी डी वर आणि पुढे सी शार्पवर नेतो, आणि मधल्या टप्प्यावर गुडघ्याला एक स्पष्ट अडथळा जाणवायला हवा. तो जाणवत नसेल तर हाफ-स्टॉपची स्प्रिंग बघा.

पेडल जड लागतंय का हेही बघा, पण आपल्याच उंचीच्या खुर्चीवर बसून. गिटार बुटकी आणि खुर्ची उंच असेल तर उत्तम यंत्रणाही अवघड वाटते. उंच माणसांना लांब पाय आणि लांब रॉड वेगळे करून घ्यावे लागतात.

८. वीज

केबल लावून अॅम्पमधून प्रत्येक तार ऐका. डी-टेनमध्ये नेक बदलायचा स्विच चार-पाच वेळा फिरवा. खरखर झाली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. मल्टिमीटरचं टोक केबलच्या दुसऱ्या बाजूला लावून रोध मोजा. जुन्या सिंगल कॉइल पिकअपचा आकडा बहुतेक १० ते २० किलोओहमच्या दरम्यान येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलंय. ते पुन्हा गुंडाळून मिळतं, आणि मूळ पिकअप गुंडाळून घेणं हे नवा बसवण्यापेक्षा विक्रीच्या वेळी फायद्याचं. आवाज येतो-जातो असं झालं तर गिटारीला दोष देण्याआधी व्हॉल्यूम पेडल काढून थेट जोडा. निम्म्या तक्रारी त्या पेडलातल्या झिजलेल्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधकाच्या, असतात.

९. कागदपत्रं

साध्या कागदावर केलेली विक्रीची पावतीही चालते, पण तिच्यात हे हवंच: दोघांची नावं आणि सह्या, तारीख, रक्कम, मॉडेल, सीरियल नंबर, पेडल-लिव्हरांची संख्या, बरोबर दिलेल्या वस्तूंची यादी, आणि तपासणीत सापडलेले दोष. दोष लिहून घेणं दोघांच्याही भल्याचं. विकणाऱ्याला नंतर “सांगितलं नव्हतं” ऐकावं लागत नाही. सीरियल नंबर चोरीच्या यादीत आहे का ते पैसे देण्याआधी बघा.

गिटार सीमा ओलांडणार असेल तर जकातीच्या कागदावर ती ९२०७ या शीर्षकाखाली येते, म्हणजे विजेवर आवाज निघणारी किंवा वाढवली जाणारी वाद्यं. किंमत कमी दाखवायचा मोह टाळा. वाटेत गिटार फुटली तर विमा तेवढ्याच कमी किमतीचा मिळतो.

विकणाऱ्यासाठी एक इशारा: समोरचा ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवतो आणि “उरलेले माझ्या वाहतूकदाराला द्या” म्हणतो. आलेला चेक काही दिवसांनी परत जातो, तुमचे गेलेले पैसे परत येत नाहीत. असा निरोप आला की संभाषण तिथेच थांबवा.

१०. विकण्याआधी काय करायचं आणि काय नाही

पॉलिश मारायची घाई करू नका, लाकूड पुन्हा रंगवायचं तर मुळीच नाही. जुन्या लॅकरच्या रेषांना किंमत आहे, नव्या चकाकीला नाही.

चेंजर मात्र साफ करा. गिटार अशी तिरकी ठेवा की चेंजरमधून निथळणारं लाकडाकडे न जाता खाली ठेवलेल्या फडक्यावर पडेल. सिरिंजने नॅप्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते द्रव, बोटांच्या फटींत थेंब-थेंब सोडा आणि पेडलं दाबत राहा. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत दोन-तीन वेळा. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नको. पूर्ण वाळल्यावर सुईच्या टोकाने शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक बोटाच्या सांध्याला एक थेंब. जाड ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. तो वाळून चिकट होतो आणि धूळ धरतो, आणि जाम झालेल्या पुष्कळ चेंजरमध्ये हीच कहाणी सापडते. तडकलेले नायलॉन नट बदला, स्वस्त असतात.

नव्या तारा घाला, एक-दोन दिवस ताणू द्या, मग व्हिडिओ काढा. ट्यूनर चौकटीत दिसेल असा ठेवून एकेक पेडल, एकेक लिव्हर दाबून सोडा. हा दोन मिनिटांचा व्हिडिओ दहा प्रश्न वाचवतो. फोटोंमध्ये पोट, दोन्ही एंड प्लेट, सीरियल नंबर, पाय-रॉडांची मांडणी आणि केसचं आतलं अस्तर हवं. बदललेला मूळ पिकअप किंवा काढून ठेवलेला लिव्हर खणात पडला असेल तर शोधून काढा. संग्राहक त्यासाठी वेगळे पैसे देतो.

११. पॅकिंग

वाटेत गिटार फुटते ती बहुतेक तिच्याच सुट्या भागांनी. केसमध्ये मोकळा राहिलेला एक पाय शेकडो किलोमीटर हातोड्यासारखा आपटत राहतो. म्हणून पाय आणि पेडल बार गुंडाळून, एकत्र बांधून वेगळ्या खोक्यात घाला, किंवा केसच्या कप्प्यात हलणार नाहीत असे कोंबा. रॉड काढताना प्रत्येकावर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा; लांबीत थोडा-थोडा फरक असतो आणि क्रम चुकला की पेडलं वर-खाली दिसतात.

तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण काढू नका. नाहीतर घेणाऱ्याला आल्या दिवशी तपासणीच करता येत नाही. लिव्हर घडी होत असतील तर अंगाला चिकटवून त्यांच्याभोवती फोम भरा. केस बंद करून उचला आणि हलवा. आत काहीही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडा. मग केस दुसऱ्या मजबूत खोक्यात, सहाही बाजूंनी किमान ५ सेंटीमीटर फोम. विमानाने सामान म्हणून नेणार असाल तर आधी वजन करा: बऱ्याच विमान कंपन्या २३ किलोच्या पुढे जादा पैसे घेतात आणि ३२ किलोच्या पुढचा डाग स्वीकारतच नाहीत. डी-टेनचे पाय आणि पेडल बार दुसऱ्या बॅगेत घातले तर बहुतेक वेळा जमतं.

घेणाऱ्याने खोकं थंडीतून आलं असेल तर एक दिवस न उघडता खोलीत ठेवावं, कारण थंड लॅकर एकदम उबेत आलं की तडकतं. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. गिटार जोडल्यावर आधी सगळ्या मोकळ्या तारा, मग एंड प्लेटवरच्या नायलॉन नटांनी पेडल-लिव्हरांचे सूर, आणि पुन्हा एकदा मोकळ्या तारा अशा क्रमाने लावा, आणि विकणाऱ्याच्या व्हिडिओशी ताडून बघा. खोकं आणि फोम महिनाभर तरी टाकू नका. भरपाईचा दावा करायची वेळ आली तर वाहतूक कंपनी आधी तेच दाखवायला सांगते.